रेगे
रेगे : जमैका बेटावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेला लोकप्रिय संगीतप्रकार. मेंटो हे तेथील लोकसंगीत आणि अमेरिकेतील ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संयोगातून प्रथम द्रुत लयीचा स्का व त्यातून १९६६ च्या सुमारास संथ लयीचा रॉकस्टेडी हे प्रकार घडले आणि रेगे हा त्यांचाच पुढचा विकास होय. टूट्स अँड द मेटल्स या गायकवृंदाच्या १९६८ मधील ‘डू द रेगे’ या गीतामुळे हे नाव रूढ झाले, असे मानतात. चार मात्रांच्या आवर्तनात गिटार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तुटक आघात करते, तर ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडून ड्रमचा मुख्य आघात तिसरीवर पडतो. खर्जात घुमणारी बेस गिटारची सुरावट हा या रचनेचा कणा असतो. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत भलेमोठे ध्वनिवर्धक मांडून तबकड्या वाजविणाऱ्या फिरत्या ‘साउंड सिस्टिम’नी जमैकन संगीताला श्रोतृवर्ग मिळवून दिला. इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी याला दैवत मानणाऱ्या रास्ताफारी पंथाचा प्रभाव, तसेच दारिद्र्य व वर्णद्वेष यांचा निषेध ही गीतांची ठळक लक्षणे असून, बॉब मार्ली (१९४५–८१) याने त्यांना जगभर पोहोचविले. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.