मास इफेक्ट ३ च्या शेवटाचा वाद

मास इफेक्ट ३ च्या शेवटाचा वाद हा २०१२ साली एका व्हिडिओ गेमच्या अखेरच्या प्रसंगावरून उद्भवलेला वाद होय. खेळ निर्माण करणारी कॅनडातील बायोवेअर ही कंपनी आणि तिची मालक व प्रकाशक असलेली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही एका बाजूस, तर खेळाचे निष्ठावंत चाहते दुसऱ्या बाजूस असे त्याचे स्वरूप होते. कथेचा शेवट कोणाच्या मालकीचा, लेखकाचा की पैसे मोजून ती कथा खेळलेल्या वाचकाचा, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता. येथे खेळाडूला वाचक म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

पार्श्वभूमी

मास इफेक्ट ही तीन खेळांची विज्ञानकथा आहे. तिचे भाग २००७, २०१० आणि २०१२ साली प्रकाशित झाले. दर पन्नास हजार वर्षांनी आकाशगंगेतील प्रगत संस्कृतींचा संहार करणाऱ्या ‘रीपर’ नावाच्या यंत्रांशी कमांडर शेपर्ड हे पात्र झुंज देते. शेपर्ड स्त्री असावे की पुरुष, कोणाशी मैत्री करावी, कोणाला वाचवावे आणि कोणाला मरू द्यावे, हे खेळाडूच ठरवतो. एका भागात घेतलेले निर्णय पुढील भागात नेता येत. पहिल्या भागात ज्याला जीवदान दिले तो तिसऱ्या भागात भेटे. ज्याला गमावले त्याची जागा रिकामीच राही. त्यामुळे पाच वर्षे हा खेळ खेळलेल्या व्यक्तीस ही कथा अंशतः आपणच लिहिली आहे असे वाटू लागले, आणि कंपनीच्या जाहिरातींनी या भावनेस खतपाणीच घातले. प्रकाशनापूर्वी दिग्दर्शक केसी हडसन यांनी, शेवट ‘अ, ब, क’ अशा ठरावीक साच्यांत बसणारा नसेल, अशा आशयाचे विधान केले होते. हे विधान पुढे वारंवार त्यांच्यासमोर ठेवले गेले.

आक्षेप

तिसरा भाग ६ मार्च २०१२ रोजी उत्तर अमेरिकेत विक्रीस आला. समीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली; काही दिवसांतच खेळ संपवलेल्या चाहत्यांचा सूर मात्र संतापाचा होता. अखेरच्या काही मिनिटांत बालकाच्या रूपातील एक नवेच पात्र अवतरते आणि शेपर्डपुढे तीन पर्याय ठेवते: रीपरांचा नाश, त्यांच्यावर नियंत्रण, किंवा सजीव व यंत्र यांचा संयोग. कोणताही पर्याय निवडला तरी पुढील चित्रफीत जवळपास सारखीच असे. प्रामुख्याने बदले तो प्रकाशाचा रंग. तो लाल, निळा किंवा हिरवा असे. क्षणापूर्वी पृथ्वीवर शेपर्डसोबत लढणारे सहकारी दूरच्या ग्रहावर उतरलेल्या यानातून बाहेर येताना दिसत, आणि ते तेथे कसे पोहोचले याचा खुलासा नव्हता. त्यानंतर पडद्यावर येणारा संदेश, अतिरिक्त भाग डाउनलोड करून शेपर्डची गाथा पुढे चालू ठेवा, असे सुचवीत असे. शोककथेच्या अंती तिकीटविक्रीची सूचना यावी तसा हा प्रकार होता.

व्यापारी हेतूविषयीचा संशय आधीपासूनच होता. ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ हा कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे पात्र असलेला भाग प्रकाशनाच्या दिवशीच सुमारे दहा डॉलर वेगळे आकारून विकण्यात आला होता. त्यामुळे ‘खरा शेवटही नंतर विकायचा असेल’, ही शंका अनेकांना अवास्तव वाटली नाही. काही चाहत्यांनी तर दिसलेला शेवट हा रीपरांच्या प्रभावाखाली शेपर्डला झालेला भास आहे, असा तपशीलवार सिद्धान्त मांडला.

निषेधाचे प्रकार

‘रीटेक मास इफेक्ट’ या मोहिमेने निषेध म्हणून रुग्णालयांतील मुलांना खेळणी व व्हिडिओ गेम पुरवणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून अधिक निधी जमवला. तथापि आपण नव्या शेवटाची किंमत मोजत आहोत असा काही देणगीदारांचा समज झाल्याने संस्थेनेच ही मोहीम थांबवण्यास सांगितले. चाहत्यांच्या एका गटाने बायोवेअरच्या एडमंटन येथील कार्यालयात लाल, निळे व हिरवे असे सुमारे चारशे कपकेक धाडले. रंग तीन, चव एकच, व्हॅनिला! हा उपरोध कंपनीस कळला, आणि कपकेक स्थानिक युवा निवाऱ्यास देण्यात आले. एका खेळाडूने फसव्या जाहिरातीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. त्याच वर्षी ‘कन्झ्युमरिस्ट’ने घेतलेल्या मतदानात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकेतील सर्वांत वाईट कंपनी ठरली, अंतिम फेरीत तिच्यासमोर बँक ऑफ अमेरिका होती. गृहकर्जांच्या संकटाने अनेकांची घरे गेलेल्या देशात हा निकाल लागावा, यावरून रोषाची तीव्रता दिसते, तसेच त्याचे सुटलेले प्रमाणही.

सर्वच निषेध असा खेळकर नव्हता. खेळ प्रकाशित होण्याच्या सुमारास बायोवेअरच्या एका लेखिकेस तिच्या जुन्या मुलाखतीतील मतांवरून अत्यंत हीन भाषेत लक्ष्य करण्यात आले. मागणी करणारा वाचक आणि छळ करणारा जमाव हे एकच नव्हेत. परंतु त्या वेळच्या चर्चेत दोहोंची सरमिसळ झाली, आणि रास्त आक्षेप घेणाऱ्यांवरही ‘हक्क गाजवणारे’ असा शिक्का बसला.

कंपनीचा प्रतिसाद

बायोवेअरचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी २१ मार्च २०१२ रोजी जाहीर पत्र प्रसिद्ध केले. निर्मात्यांचे कलास्वातंत्र्य जपण्याचा आग्रह त्यात होता, तसेच चाहत्यांच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे आश्वासनही होते. त्यानुसार ‘एक्स्टेंडेड कट’ हा विस्तारित शेवट २६ जून २०१२ रोजी विनामूल्य देण्यात आला. शेवट बदलला नाही, तो उलगडून सांगण्यात आला: सहकारी यानात कसे पोहोचले हे दाखवले गेले, आणि प्रत्येक निवडीनंतरचे जग वेगवेगळे रंगवले गेले. तिन्ही पर्याय नाकारण्याची चौथी वाटही त्यात होती. ती निवडल्यास मात्र चालू युगाचा पराभव होतो. काहींना ती आपल्या तक्रारीस दिलेली चपराक वाटली.

वाचकांच्या आग्रहापुढे लेखक झुकल्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली मारलेला शेरलॉक होम्स १९०३ साली परत आणला. परंतु डॉयल यांना दहा वर्षे लागली; येथे चार महिनेही लागले नाहीत.

२०२१ साली तिन्ही भाग ‘लेजंडरी एडिशन’ या नावाने एकत्रित प्रकाशित झाले. त्यात विस्तारित शेवटच समाविष्ट असल्याने, ही आवृत्ती खेळणाऱ्यास मार्च २०१२ मधील मूळ शेवट पाहावयास मिळत नाही.