‘पानिपत’ कादंबरीविषयीचे वाचकमत आणि सांगोला करार

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (राजहंस प्रकाशन, १९८८) ही मराठ्यांच्या अहमदशहा अब्दालीविरुद्धच्या १७६०-६१च्या उत्तर मोहिमेवरची मराठी कादंबरी. तिच्या केंद्रस्थानी सरसेनानी सदाशिवरावभाऊ आहेत. इब्राहिमखान गारदी, मल्हारराव होळकर, जनकोजी शिंदे, दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे सरदार त्यांच्याभोवती आहेत. तिच्यावरून ‘रणांगण’ हे नाटक वामन केंद्रे यांनी रंगभूमीवर आणले आणि पुस्तक न वाचलेल्यांपर्यंतही भाऊ पोहोचले. या कादंबरीविषयी बोलणाऱ्या वाचकांचे ढोबळमानाने दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, बखरींनी गर्विष्ठ व हेकट ठरवलेल्या सेनापतीला इथे न्याय मिळाला. दुसरा म्हणतो, नायकाच्या प्रेमात पडून लेखकाने त्याच्या चुका सौम्य केल्या आणि दोष इतर सरदारांच्या पदरात टाकला. दोन्ही पक्ष भाऊंचा स्वभाव तोलतात आणि हिशेब उदगीरच्या विजयापासून, म्हणजे फेब्रुवारी १७६० पासून मांडतात. तो दहा वर्षे मागे, माणदेशातल्या सांगोल्यापासून मांडला, तर कादंबरीतले पुष्कळसे वाद स्वभावाचे राहत नाहीत, अधिकाराचे होतात.

शाहू छत्रपतींचा मृत्यू १५ डिसेंबर १७४९ रोजी झाला आणि रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. पुढच्याच वर्षी छत्रपतींच्या प्रतिनिधींचे मुतालिक (नायब) यमाजी शिवदेव यांनी सांगोल्याचा किल्ला धरून पेशव्यांविरुद्ध उठाव केला. तो मोडायला भाऊ निघाले ते छत्रपतींना बरोबर घेऊन. भाऊ तेव्हा अवघ्या वीस वर्षांचे. यमाजींचा बंदोबस्त झाल्यावर सांगोल्याच्या मुक्कामीच रामराजांनी राज्यकारभाराची सर्व सूत्रे पेशव्यांच्या हाती सोपवल्याचा करार झाला. छत्रपतींची गादी राहिली, सत्ता पुण्याला गेली. पडसाद लगेच उमटले. रामराजे साताऱ्याला परतताच छत्रपती घराण्यातल्या वृद्ध ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांना किल्ल्यावर अटकेत टाकले आणि मदतीला दमाजी गायकवाडांना गुजरातेतून बोलावले. १७५१ मध्ये दमाजी पेशव्यांच्या कैदेत पडले आणि निम्मा गुजरात देण्याचे मान्य केल्यावरच सुटले. इकडे भाऊंनी दिवाणगिरी मागितली. ती न मिळाल्यास कोल्हापूरच्या गादीची पेशवाई स्वीकारण्याची त्यांची तयारी होती. पेशवे नानासाहेबांनी महादोबा पुरंदऱ्यांना बाजूला करून ती भाऊंना दिली. म्हणजे पानिपतावर उभा असलेला सेनापती मुळात हिशेब, करार आणि कारभार यांतून घडलेला होता. कादंबरीतले भाऊ रसदेची, पैशाची आणि पत्रांच्या उत्तरांची सतत काळजी करताना दिसतात. कित्येक वाचकांना तो भाग रेंगाळलेला वाटतो. खरे तर कादंबरीतला सर्वांत विश्वसनीय भाऊ तिथेच भेटतो.

आता रणांगणावरचा मुख्य वाद घ्यावा. इब्राहिमखानाच्या गारद्यांच्या तोफा आणि कवायती पायदळ यांच्याभोवती गोल बांधून लढत पुढे सरकायचे, हा भाऊंचा बेत. मल्हाररावांना गनिमी काव्याची लढाई रास्त वाटत होती. वाचक याला जुनी आणि नवी युद्धपद्धती यांचा झगडा मानतात. ते खरेच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. गोलाला एकाच हुकमाची गरज असते, आणि तो हुकूम कोणाच्या नावाने सुटतो याला तेव्हा फार किंमत होती. थोरल्या बाजीरावांच्या काळापासून सुभेदारी करणाऱ्या वृद्ध मल्हाररावांना हा हुकूम छत्रपतींकडून येत नव्हता. पेशव्यांच्या चुलतभावाकडून येत होता. लढाईच्या दिवशी गोल सोडून घोडदळ पुढे घातल्याचा ठपका ज्यांच्यावर ठेवला जातो, त्यांत दमाजी गायकवाड आहेत. सांगोल्यानंतर, पानिपतच्या नऊ-दहा वर्षे आधी, पेशव्यांनी कैदेत टाकलेले तेच दमाजी. हा धागा ध्यानात ठेवून वाचले, तर सरदारांना नुसते मत्सरी किंवा कचखाऊ म्हणता येत नाही.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप विंचूरकरांबाबतचा आहे. तेही गोलाबाहेर पडले, आणि ते तर पेशव्यांचे घरचे सरदार. त्यांना सांगोल्याचे शल्य असण्याचे कारण नव्हते. हा आक्षेप मान्य करायला हवा. लुटीवर आणि झटपट हल्ल्यावर वाढलेल्या घोडदळाला पायदळाच्या चालीने चालण्याची सवयच नव्हती, आणि ती उणीव कोणत्याही कराराने भरून निघाली नसती. दुसरा आक्षेप असा की सत्तेची हीच रचना असताना पेशव्यांचे बंधू रघुनाथराव यांच्या फौजा १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेल्या. त्या गेल्या, पण रघुनाथराव कर्जाचा बोजा घेऊन परतले, आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारणाऱ्यांत भाऊच पुढे होते. हाताशी पैसा आणि समोर दुबळा शत्रू असेपर्यंत आज्ञाभंगाची किंमत कळत नाही. पानिपतावर ती कळली, कारण अब्दालीजवळ उंटांवरच्या जंबूरक्या (हलक्या तोफा) होत्या, राखीव ताजी फौज होती, आणि मराठ्यांच्या छावणीत दाणा उरला नव्हता. कादंबरीकाराने इतिहासकाराचे काम करावे ही अपेक्षाच चूक, असाही एक आक्षेप निघतो. लेखकापुरता तो बरोबर आहे. वाचकाला मात्र तो लागू नाही: कादंबरी मिटून खऱ्या भाऊंविषयी निकाल देणाऱ्याने त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथही शेजारी ठेवला पाहिजे.

उपासमारीबाबत मात्र वाचकांची नजर अचूक आहे. या कादंबरीतले काय लक्षात राहिले असे विचारले, तर तलवारबाजीच्या आधी भुकेली छावणी, यात्रेकरू आणि बायामुलांचा लबेदा, आणि आटत गेलेली रसद यांचा उल्लेख होतो. रसदेचा भार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, त्याआधी त्याच महिन्यात सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले, आणि त्यानंतर लढाईचा दिवस, १४ जानेवारी १७६१, उजाडेपर्यंत भाऊंपुढे पर्याय उरले नाहीत. सामान्य माणसांनी भाऊंना अपराधी मानले नव्हते, याची साक्ष कादंबरीच्या दोनशे वर्षे आधीची आहे. भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत लोक त्याच्यामागे गोळा होत राहिले. ज्याच्यावर सारा राग आहे, त्याच्या परतण्याची वाट लोक अशी पाहत नाहीत. बखरींतला हेकट भाऊ हे त्या काळचे एक मत होते, सगळ्यांचे नव्हे. पाटलांच्या वाचकांनी उचलून धरलेले दुसरे मत त्याच्याइतकेच जुने आहे.