ग्रंथपूजा : एका परक्या शब्दाचा आपल्याकडील अर्थ

‘बिब्लिओलाट्री’ हा शब्द इंग्रजीतही क्वचितच भेटतो. ग्रीकमधील ‘बिब्लिऑन’ म्हणजे पुस्तक, ‘लात्रेइया’ म्हणजे पूजा. मूर्तिपूजेच्या इंग्रजी शब्दाच्या वजनावरच तो घडवलेला आहे. मूर्ती फोडणाऱ्या प्रोटेस्टंटांनी अखेर पुस्तकाचीच मूर्ती केली, हा त्यातला टोमणा. बायबलचे अक्षर न् अक्षर ईश्वराच्या तोंडचे मानणाऱ्यांविरुद्ध कोलरिजने लिहिलेली पत्रे त्याच्या मृत्यूनंतर १८४० साली प्रसिद्ध झाली. १८६० साली डार्विनची बाजू मांडताना हक्सलेनेही अशा ग्रंथपूजकांवर कोरडे ओढले.

मराठीत ‘ग्रंथपूजा’ म्हटले की काम भागले असे वाटते. मला ते मान्य नाही. युरोपातले भांडण पुस्तक लोकांच्या हाती गेल्यानंतरचे आहे. लूथरने १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत आणला तो लोकांनी वाचावा म्हणून. आपल्याकडे वेद हा पाहायचा ग्रंथ नव्हताच. तो ऐकायचा आणि मुखोद्गत करायचा. म्हणून पहारा बसला तो कानावर. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते आणि ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य तेच वचन आधाराला घेतात. म्हणजे इथली ग्रंथपूजा वाचण्यातून नव्हे, वाचू न देण्यातून उभी राहिली! ज्ञानेश्वरांना हे सलले होते. अठराव्या अध्यायात ते वेदाला कृपण म्हणतात, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. पण ही उणीव गीतेने भरून काढली असे सांगून ते थांबतात. वेदाचे प्रामाण्य जिथल्या तिथे राहते.

मी राहतो त्या शिरगावच्या किल्ल्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांचा धर्मग्रंथ लॅटिनमध्ये, पाद्र्याच्या स्वाधीन. पुढे पेशवाई आली, तेव्हा भाषा संस्कृत झाली आणि ग्रंथ भटजींच्या स्वाधीन. किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्याला या बदलातून वाचायला काय मिळाले, हे विचारायलाच नको.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे मुद्दाम नोंदवतो. ‘जुने पुस्तक जाळून काय साधले?’ असे विचारणाऱ्यांना बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’तून परदेशी कापडाच्या होळीचा दाखला दिला. कापड जाळणाऱ्यांचे वैर सुताशी नव्हते. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात तर त्यांनी रोगाचे मूळच दाखवले: लोक वाईट म्हणून जात पाळत नाहीत, शास्त्र पवित्र मानतात म्हणून पाळतात. तेव्हा घाव घालायचा तो शास्त्राच्या पावित्र्यावर. ‘बिब्लिओलाट्री’ला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द द्यायचा झाला तर तो ‘ग्रंथप्रामाण्य’ असा द्यावा लागेल. ‘पोथीनिष्ठा’ त्यापुढे फारच सौम्य. ती शिवी तर आपण मार्क्सवाद्यांनाही देतो.

आणि आपण? माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. माझ्या पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावीत. त्याला मी ग्रंथपूजा म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या वस्तूपासून दूर ठेवले, ती घरात आल्याचे ते नवल होते. पण मी पदवीधर झालो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ माझ्याही घरात कपड्यात बांधून तसबिरीशेजारी ठेवला जाऊ लागला आणि जयंतीखेरीज उघडला जाईना, तर त्याला काय म्हणावे? कालामांना बुद्धाने सांगितले होते की, धर्मग्रंथात आहे एवढ्यावर काही स्वीकारू नका. ज्या ग्रंथाच्या गुरूचे सांगणे हे, त्याचीच पोथी व्हावी?

संविधानाचेही तेच चालले आहे. प्रास्ताविकेची मिरवणूक निघते, आणि राज्याच्या धोरणाला मार्ग दाखवणारा चौथा भाग किती जणांनी वाचला आहे हे मिरवणुकीत विचारले की माणसे रागावतात. खुद्द बाबासाहेब २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत म्हणाले होते की, हे संविधान जाळायला मीच पहिला पुढे येईन. १९५५ साली त्याचा खुलासा करताना त्यांनी देवळाचा दृष्टांत दिला: देऊळ देवासाठी बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानाने त्याचा ताबा घेतला.