सहीचा अधिकार



अणशीच्या आमच्या घरात भाताचा हिशेब आईकडे असे. कोणाला किती कुडव उसने दिले, बियाण्याला किती राखले, खंडाचे किती मोजले, हे ती ओटीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी नोंदवी. 1974 मध्ये कर्नाटकात कूळकायद्याची दुरुस्ती झाली आणि जमिनीच्या कागदांसाठी मागच्या वर्षांचा तपशील हवा झाला, तेव्हा तो सगळा तिच्या तोंडून आला. कागदाखाली सही मात्र वडिलांची झाली. यात कोणालाच वावगे वाटले नाही. खरे सांगायचे तर, शिकलेल्या मलाही नाही.

हिशेब ही गोष्ट आपल्याकडे स्त्रियांना परकी कधीच नव्हती. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी अशी उत्पन्नाची दोन खाती वेगळी ठेवलेली होती, आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट व देवळे या खासगीतून उभी राहिली. पण अहिल्याबाई राज्यकर्त्या होत्या. सामान्य घरातल्या स्त्रीने दुसऱ्याच्या वह्या तपासाव्यात आणि त्या खऱ्या असल्याचे आपल्या सहीने जगाला सांगावे, ही गोष्ट घडायला विसावे शतक उजाडावे लागले.

1913 च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाची पात्रता ठरवून दिली. 1918 मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. लोक तिला 'जी. डी. ए.' म्हणत. ती मिळवून उमेदवारी पुरी केली की देशात कोठेही हा व्यवसाय करता येई. आपला कारवार जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. परंतु ही परीक्षा उत्तीर्ण होणारी पहिली स्त्री निघाली ती मद्रासची, आर. शिवभोगम.

त्यांचा जन्म 1907 चा, शिक्षण मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयात. स्वातंत्र्यचळवळीत परदेशी कापडाविरुद्ध त्यांनी निरोधने केली आणि वेल्लोरच्या तुरुंगात एक वर्ष काढले. हिशेबतपासनीस व्हायचे, हा निश्चय तुरुंगातच झाला असे सांगतात. सुटकेनंतर सी. एस. शास्त्री यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली आणि 1933 मध्ये पदविका मिळवली.

येथे खरा अडसर आला. तुरुंगवास भोगलेल्याचे नाव हिशेबनिसांच्या नोंदवहीत घालता येत नाही, असा तेव्हाचा नियम. अफरातफर करणाऱ्याची सही ग्राह्य धरू नये, हे कोणीही मान्य करील. पण त्या नियमाच्या लेखी पेढी बुडवणारा आणि दुकानासमोर शांतपणे उभी राहणारी सत्याग्रही एकाच माळेचे मणी ठरत होते. मला तर वाटते, परीक्षा नापास झाल्याचे दुःख परवडले; उत्तीर्ण होऊन दारातच अडवले जाण्याचे फार कडू. शिवभोगम यांनी न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. 1937 मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय थाटला.

पुढे 1949 मध्ये चार्टर्ड अकाउंटंटांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या दक्षिण विभागीय परिषदेचे अध्यक्षपद 1955 ते 1958 असे सलग शिवभोगम यांच्याकडे होते. कोणत्याही विभागीय परिषदेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. 1966 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरची वाट तुम्हांला परिचित आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असलीच पाहिजे असे ठरवले. चार्टर्ड अकाउंटंट विशाखा मुळ्ये 1993 मध्ये आय.सी.आय.सी.आय.मध्ये रुजू झाल्या आणि 2022 मध्ये आदित्य बिर्ला कॅपिटलच्या प्रमुख झाल्या. शिवभोगम यांना मात्र अशा कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता.

1956 मध्ये त्यांनी एक पारितोषिक ठेवले: सी.ए.ची अंतिम परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या सर्वोत्तम विद्यार्थिनीसाठी. त्याच वर्षी आपला जिल्हा मुंबईकडून म्हैसूर राज्यात गेला. मी तेव्हा पाटीवर पाढे गिरवीत होतो, आणि आई भिंतीवर रेघा ओढीत होती.