तळटीप : 'हेल फ्रॉम'

* मूळ इंग्रजीत इथे 'हेल फ्रॉम' आहे. अनुवादात 'राहणारा' असे न करता 'मूळचा' केले, त्याचे कारण सांगायला हवे. शिडाच्या जहाजांच्या काळात भर समुद्रात दोन जहाजे जवळ आली की कप्तान कर्णा तोंडाला लावून हाळी देई : जहाज कुठले, कोणत्या बंदराचे? या हाळीला इंग्रजीत 'हेल' म्हणतात, आणि उत्तरात जे बंदर सांगितले जाई तिथून ते जहाज 'हेल' करते असे म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात हा प्रयोग माणसांनाही लागला. अमेरिकेत नोंदलेल्या अनेक नौकांच्या पिछाडीवर नावाखाली आजही 'हेलिंग पोर्ट' रंगवलेले दिसते. (आकाशातून पडणाऱ्या गारांचा 'हेल' हा निराळा शब्द, स्पेलिंग आणि उच्चार तेवढे एक.)

म्हणून यात आजचा पत्ता नाही, घरबंदर आहे. आपल्याकडे हे काम आडनावातला 'कर' करतो : चार पिढ्या गिरगावात काढलेले चिपळूणकरही चिपळूणचेच.

वापरताना एक सांभाळावे. मूळ कधी सरत नाही, म्हणून इंग्रजीत इथे साधा वर्तमानकाळ येतो : 'आय हेल फ्रॉम सातारा'. आपल्याकडच्या अर्जांत सर्रास दिसणारे 'आय ॲम हेलिंग फ्रॉम' इंग्रजी कानाला खटकते. शिवाय शब्द थोडा भारदस्त आहे. परिचयपत्रात शोभतो, गप्पांत 'कम फ्रॉम' पुरते. – संपादक