पंप पाठीवर, मास्क उद्या

९ ऑक्टोबर २०१७ ला रिचर्ड थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा माणसाला आजची छोटी सोय प्यारी का वाटते, यावर हा गृहस्थ १९८१ पासून लिहितोय. प्रेझेंट बायस म्हणतात तो हाच. आणि नेमक्या त्याच दिवसांत यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फवारणीतून विषबाधा झालेले शेतमजूर भरती होत होते.

जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात किमान २० माणसं गेली, शेकडो आजारी पडली. त्या वर्षी कपाशी पार डोक्यापर्यंत वाढलेली. बोंडअळी बीटीला दाद देईना, म्हणून फवारण्या वाढल्या, औषधांची मिश्रणं वाढली. उंच झाडावर मारायचं म्हणजे नोझल वर धरायचं, आणि तुषार येणार स्वतःच्याच तोंडावर. यातली ऑर्गेनोफॉस्फेट औषधं कातडीतूनही आत शिरतात आणि नसांचं काम थांबवणारं, सॉरी, थांबवायला लागणारं एन्झाइमच बंद पाडतात. नसा चालूच राहतात. घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, मग श्वास.

मग मास्क, हातमोजे का नाहीत? थेलरसाहेबांचं उत्तर तयार आहे: पावसाळी उकाड्यात प्लास्टिकचा सूट घालून १५-२० लिटरचा पंप पाठीवर घ्यायचा त्रास आत्ताचा, विषबाधा मात्र 'झालीच तर'. मागच्या वर्षी कुठे काय झालं होतं? घरच्या खर्चातही बियाणं, खत, औषध आधी. हातमोजे उरलेल्या पैशात. आपण एसीत बसून हेल्थ चेकअप पुढे ढकलतो, त्याचंच हे भावंडं.

पण इथे थांबणं मला पटत नाही. चेकअप टाळला तर शरीर माझंच असतं. इथे किट घ्यायचं मालकाने, आणि फुफ्फुसं मजुराची! याला बायस कसं म्हणायचं? हा तर साधा हिशोब झाला, दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला. शिवाय फवारणाऱ्याला संरक्षक कपडे असलेच पाहिजेत, हा नियम १९७१ चा आहे.

आणि सरकारचं म्हणाल तर, यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची विक्रीबंदी आली ती नोव्हेंबरात. तोवर कापसाची वेचणी सुरू झाली होती.