उताराचं शहर

स्कूटर चालवणाऱ्याला शहर दिसत नाही. त्याला समोरचा खड्डा दिसतो, रिक्षाचा अचानक बाहेर आलेला हात दिसतो, सिग्नलचे उरलेले सेकंद दिसतात. शहर बघायचं असेल तर मागे बसावं. मागच्याला ना हँडल, ना ब्रेक. मान हवी तिकडे वळवावी, दुकानांच्या पाट्यांच्या वर उरलेल्या जुन्या लाकडी सज्जांकडे बघावं, मागे पडलेल्या कमानीकडे पुन्हा वळून बघावं. शिवाय एक गोष्ट मागच्यालाच नीट कळते, ती म्हणजे जमिनीचा कल. चढावर आपण मागे ओढले जातो, उतारावर पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. गाडीत बसून हे कळत नाही आणि पायी चालताना ते इतकं सावकाश होतं की जाणवत नाही.

औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर, मी पाहिलं ते असं, मावशीच्या यजमानांच्या चेतकवर मागे बसून. काका वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून निवृत्त झाले. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्यानंतर हे शहर दुचाकीच्या पगारावर आणि दुचाकीच्याच चाकांवर चालू लागलं, असं ते सांगतात. त्यांची चेतक सुरू करण्याआधी एका अंगावर कलती करावी लागते. आणि उतार आला की काका न्यूट्रल टाकून इंजिन बंद करतात. पेट्रोल वाचतं म्हणे. (हे शहाणपणाचं नाही, असं मी एकदा म्हणाले होते. पुन्हा म्हणाले नाही.)

हर्सूलकडून दिल्ली दरवाज्याच्या दिशेने येताना त्यांनी असंच इंजिन बंद केलं. मध्ये एखादा चढ आला की किक, पुन्हा उतार आला की शांतता. त्या शांततेत चाकांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. वाचलेलं सगळं मला तेव्हा अंगाने कळलं. उत्तरेला डोंगर, तिथून खाली येणारी खाम नदी आणि दक्षिणेकडे हळूहळू उतरत जाणारी जमीन. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी पाणी आणलं ते याच कलाने.

मलिक अंबरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपते. तो १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती अरबस्तान आणि बगदाद करत दख्खनमध्ये पोचला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच होता. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा अंबरने परांड्याला एका राजपुत्राला गादीवर बसवून ती पुढे पाव शतक चालवली. १६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या गावी राजधानी वसवायला घेतली. नावाप्रमाणेच खडकाळ जागा. दौलताबादचा किल्ला जवळ, हे एक कारण. पण किल्ल्यावर राहता येतं, तिथे शहर वाढत नाही. शहराला पाणी लागतं, आणि खामसारख्या नदीच्या भरवशावर उन्हाळा निघत नाही.

म्हणून नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपणारं पाणी त्याने भुयारी चरांमध्ये गोळा केलं आणि बांधीव नाल्यांतून, पुढे मातीच्या भाजलेल्या नळांतून शहरात आणलं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. फक्त उतार. अडचण अशी की मातीच्या नळाला दाब सोसत नाही. उतार जास्त झाला, मध्ये हवा कोंडली, की नळ फुटणार. त्यावर तोड म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर विटा-चुन्याचे उंच मनोरे बांधले. त्यांना इथे बंबे म्हणतात. पाणी बंब्यात वर चढतं, मोकळ्या हवेत येतं, दाब सोडतं आणि पुन्हा खाली उतरून पुढच्या बंब्याकडे निघतं. शहराच्या उत्तर अंगाला काही बंबे अजून उभे आहेत. रस्त्याने जाताना ते पडक्या वाड्याचा उरलेला खांब वाटतात. मागच्या सीटवरून एकामागून एक दिसत गेले, तेव्हा ते एका रेषेत आहेत हे लक्षात आलं.

याच सुमारास उत्तरेला बऱ्हाणपुरात दुसरा एक माणूस हेच करत होता. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा तिथला कुंडी भंडारा १६१५ सालचा. तो ज्याच्या कारकिर्दीत झाला तो मोगल सुभेदार म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, आपल्या हिंदीच्या पुस्तकातला दोहेवाला रहीम. दख्खन जिंकायला बसलेला आणि दख्खन राखायला बसलेला, दोघांनी एकाच दशकात जमिनीखाली पाणी वाहतं केलं. त्यांच्यात भांडण होतं आणि ते खरंखुरं होतं. १६१६ मध्ये रहीमचाच मुलगा शाहनवाजखान याने अंबरचा पराभव करून खडकी जाळून उद्ध्वस्त केली. बापाने एका शहराला पाणी द्यावं आणि लेकाने वर्षभरात दुसऱ्याला आग लावावी, हा योगायोग कुठल्या कादंबरीत आला असता तर मी तो ओढूनताणून आणलेला म्हटलं असतं. १६२१ मध्ये मोगल फौजांनी खडकी पुन्हा लुटली. दोन्ही वेळा गाव पुन्हा उभं राहिलं.

जहांगीर बादशहाला अंबर इतका सलत होता, की अबुल हसन या त्याच्या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या छाटलेल्या मस्तकाला बाण मारतो आहे. ते चित्र आज डब्लिनमध्ये आहे. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधी लागलं नाही. १६२६ मध्ये अंबर म्हातारपणाने वारला. मुलगा फतेहखान याने खडकीचं फतेहनगर केलं, आणि १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद.

दरवाजे मात्र स्कूटरवरूनच बघावेत. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. आज उभे असलेले मोजायला गेलं तर त्याच्या निम्मेही भरत नाहीत. त्यातला भडकल दरवाजा अंबरच्या काळचा, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. बाकीच्या मोठ्या दरवाज्यांची नावं रस्त्याच्या दिशेवरून पडली. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का म्हणून मकाई. त्यांना जोडणारा तट औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास घातला, आणि तो मराठ्यांच्या धाडींच्या धास्तीने. आज त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या आमच्यासारख्या बहुतेकांना आत येऊ न देण्यासाठीच ते बांधले होते, हे काकांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. तट जवळजवळ सगळा गेला. भिंत नसलेला दरवाजा विचित्रच दिसतो. वाहनं त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि तो मध्ये ओसरीवर विसरलेल्या पाहुण्यासारखा बसलेला असतो. मकाई दरवाज्याखालून जाताना चेतकच्या फटफटीचा आवाज दगडाला लागून दुप्पट होऊन डोक्यावर पडतो. हत्तीसाठी बांधलेल्या उंचीत आपली स्कूटर केवढीशी आहे ते तेव्हा समजतं. मोटारवाल्यांना तिथे अंग चोरून जावं लागतं आणि त्या भरात वर बघायचं राहून जातं.

पाट्या वाचायलाही मागची सीट बरी. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, बेगमपुरा. औरंगजेबाबरोबर दख्खनमध्ये आलेल्या राजपूत सरदारांचे तळ जिथे पडले तिथे त्यांच्या नावांचे पुरे झाले. करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा; तिथल्या देवीची नवरात्रातली यात्रा आजही मोठी भरते. त्याच्याही आधीचे, अंबरच्या वेळचे मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा हे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या भोसल्यांच्या नावांचे असल्याचं सांगतात. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, हे लक्षात ठेवलं तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. शहराच्या एका नावावरून माणसं कोर्टात गेली. हे पुरे मात्र बसच्या पाटीवर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर निमूट शेजारी शेजारी नांदतात.

मावशीचा या पाट्यांचा अभ्यास वेगळाच आहे. ती आयुष्यभर साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून काकांच्या मागे बसत आली. त्यामुळे तिला प्रत्येक रस्त्याची डावी बाजू पाठ आहे. शहागंजला जाताना लागणारी दुकानं तिला एका ओळीत सांगता येतात, समोरच्या फुटपाथवरची सांगता येतात ती परत येतानाच्या क्रमाने. मी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते, याचं तिला अजून थोडं अवघड वाटतं.

मकबऱ्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटोपते. गरिबाचा ताज म्हणून त्याला हिणवण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. दिलरसबानू बेगमची ही कबर ताजच्या स्थपतीचा मुलगा अताउल्ला आणि हंसपतराय यांनी उभारली. खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये झाल्याची नोंद आहे. ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाला सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या. त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. त्या बैलांनी दख्खनचा चढ कसा चढला असेल, याचा विचार सपाट आग्र्यात ताजसमोर उभं राहून करावा लागत नाही.

पाणचक्कीला मात्र आम्ही दोन तास बसलो. खामच्या काठावर बाबा शाह मुसाफिर या मध्य आशियातून आलेल्या नक्शबंदी सूफीचा दर्गा आहे. त्याच्यासाठी अठराव्या शतकात डोंगरातल्या झऱ्यापासून काही किलोमीटरची वेगळी नहर आणली. पाणी जमिनीखालून येतं, एका उंच भिंतीत वर चढतं आणि तिच्या माथ्यावरून हौदात कोसळतं. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण पंप शोधतो. मीही इकडेतिकडे बघितलं. पंप नाही, झरा त्या भिंतीहून उंच आहे, एवढंच. खाली तेच पाणी लोखंडी पात्यांवर पडून जातं फिरवायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळायचं. हौदाचा तळ हे खालच्या दालनाचं छत आहे. भर मे महिन्यात तिथे उतरलं की अंगावरचा घाम गार होतो. जगात विजेच्या आधी गारवा कसा करत, हे दाखवायला मुलांना तिथे न्यावं.

आम्ही गेलो तेव्हा धार बारीक होती. पाणलोटात घरं झाली, नळ फुटले, बंब्यांच्या विटा गेल्या. नहरींचं पाणी वर्षागणिक कमी होत गेलं. त्यांना मारायला कुणाला फौज आणावी लागली नाही. बोअर घेतले, वरून रस्ते गेले, पुरलं.

खुलताबादला अंबरची कबर आहे. औरंगजेबाचीही तिथेच, पलीकडे झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात. गाइड, बातम्या, बंदोबस्त हे सगळं त्या दुसऱ्या कबरीकडे. अंबरच्या घुमटाखाली आम्ही दोघंच होतो आणि कबुतरं. शहर कुणाच्या नावाचं, यावर इथे तीस-पस्तीस वर्षं निवडणुका लढवल्या गेल्या. ज्याने ते वसवलं आणि त्याला पाणी दिलं, त्याच्या नावाने त्यातलं एकही भाषण झाल्याचं काकांना आठवत नव्हतं.

आता या शहराचं पाणी जायकवाडीहून येतं. पैठणजवळचं ते धरण १९७६ मध्ये पुरं झालं. अंतर पन्नासेक किलोमीटर आणि सगळी चढण: गोदावरी खाली, शहर वर. म्हणजे अंबरच्या बरोबर उलट. रात्रंदिवस पंप चालवून पाणी वर ढकलायचं, आणि पंप बंद पडला, वीज गेली, जलवाहिनी फुटली की शहर कोरडं. ज्या रस्त्याने ही वाहिनी येते त्याच रस्त्यावर, कांचनवाडीला, १९८० साली स्थापन झालेली पाणी आणि जमीन यांच्या व्यवस्थापनाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था, वाल्मी, आहे. धरण काठोकाठ भरलेलं असतानाही कित्येक वस्त्यांत आठवडा-आठवडा नळ येत नाही. नव्या मोठ्या योजनेचे पाइप टाकायला रस्ते खोदलेत; माणूस वाकून आत जाईल एवढे ते पाइप कडेला पडलेले असतात. योजना पुरी झाली की रोज पाणी येईल म्हणतात. येवो. पण उद्याही ते चढावरूनच येणार.

मावशीकडे कॅलेंडरवर पाण्याचे दिवस निळ्या पेनाने गोल केलेले असतात. मी होते त्या आठवड्यात पाणी आलं ते रात्री दोन वाजता. नळातून आधी हवा फुसफुसली. मावशीने पिण्याचे हंडे भरले, मग पिंप, मग बादल्या, मग कुकर आणि परातीसुद्धा. काकांनी जमिनीखालच्या टाकीवरची मोटर लावली आणि आम्ही गच्चीत जाऊन वरच्या टाकीत धार पडते की नाही ते बॅटरीच्या उजेडात बघत बसलो. शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर मोटरी सुरू होत्या. दीड तासाने टाकी भरली. सकाळी स्वयंपाकघरात नळ सोडला, तेव्हा तिथून खाली ते आपलं आपण आलं.